ऊन अडवायचे, पण कोठे?

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव दौंड-मनमाड लोहमार्गावर आहे. शनिवारी भरणाऱ्या जनावरांच्या बाजारामुळे ते अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर जिल्हा म्हणत होतो) आणि शेजारच्या पुणे जिल्ह्यातही पुष्कळांच्या ओळखीचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत अशा उघड्यावरच्या बाजारात दुपारी थोडा वेळ थांबलात तर एक गोष्ट पाहायला मिळेल. तीन-साडेतीनच्या सुमारास ऊन तिरपे झाले, की पालांतले विक्रेते उठतात आणि पालाच्या मावळतीच्या अंगाला एखादे गोणपाट, जुनी साडी किंवा ताडपत्रीचा तुकडा बांधतात. डोक्यावर पाल असतेच; पण तिरप्या उन्हापुढे तिचे काही चालत नाही. हे गोणपाट ते बाहेरच्या बाजूला बांधतात आणि वारा खेळेल असे थोडे सुटे ठेवतात. त्यांना हे कोणी शिकवलेले नसते.

आता हाच विक्रेता संध्याकाळी घरी जातो. घर अलीकडेच बांधलेले, वर सिमेंटचा स्लॅब, आणि पश्चिमेच्या खोलीला अॅल्युमिनियमच्या चौकटीची चार फूट बाय चार फुटांची सरकती काचेची खिडकी. ऊन येते म्हणून घरच्यांनी खिडकीला आतून चांगला जाड पडदा लावलेला असतो. तरीही खोली तापलेलीच! पंखा लावला तर गरम वाराच अंगावर येतो. रात्री अकरा वाजले तरी भिंतीला हात लावला की ऊब जाणवते. दहावीचा अभ्यास करणारी मुलगी पुस्तके उचलून अंगणात जाऊन बसते.

बाजारातल्या पालाला गोणपाट पुरते आणि घरातल्या खोलीला जाड पडदाही पुरत नाही, असे का व्हावे? कापडात फारसा फरक नाही. फरक आहे तो कापड कोठे लावले यात. एक उन्हाला बाहेर अडवते, दुसरे आत आल्यावर. मधे काच आहे, आणि सगळी गोम या काचेतच आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी सौरचूल पाहिली असेल. आतून काळा रंग दिलेली पेटी, वर काचेचे झाकण. उन्हात ठेवली की आतील तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर जाते आणि डाळ-भात शिजतो. समजा, तुम्हाला ही चूल बंद पाडायची आहे. एक उपाय असा, की काचेच्या खाली, पेटीच्या आत एक रंगीत कापड पसरायचे. डब्यावर सरळ ऊन पडणार नाही हे खरे, पण कापडच तापेल, त्याच्याभोवतीची हवा तापेल, आणि भात थोडा उशिरा का होईना, शिजेल. दुसरा उपाय असा, की काचेवर बाहेरून एक पोते टाकायचे. मग मात्र चूल थंड. पश्चिमेला मोठी काच असलेली खोली ही एक मोठी सौरचूलच असते. आतला पडदा हा त्यातला पहिला उपाय आहे.

असे का घडते ते पाहू. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस आहे. पदार्थ जितका अधिक तापलेला, तितकी त्याच्या प्रारणांची तरंगलांबी कमी, हा नियम तुम्ही पुढे वरच्या वर्गात शिकाल. सूर्याची प्रारणे सर्वांत तीव्र असतात ती अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) साधी काच या प्रारणांना जवळजवळ मुक्तद्वार देते, शंभरांतील ऐंशी-पंच्याऐंशी भाग सरळ आत येतात. ती पडद्यावर पडतात आणि पडदा तापतो, समजा ४५ अंशांपर्यंत. तापलेला पडदाही प्रारणे बाहेर टाकतो, पण तो सूर्याच्या मानाने फारच थंड असल्यामुळे त्याची प्रारणे नऊ मायक्रॉनच्या आसपासची असतात. तीन-चार मायक्रॉनपलीकडच्या प्रारणांना काच भिंतीसारखी असते. म्हणजे येताना दार उघडे, जाताना बंद.

एवढेच कारण पुष्कळ पुस्तकांत दिलेले असते. पण ते अर्धेच आहे. १९०९ साली अमेरिकन भौतिकीविद रॉबर्ट वुड यांनी दोन खोकी उन्हात ठेवली. एकावर काच होती, दुसऱ्यावर सैंधवाची पातळ पाटी. सैंधवातून लांब तरंगांची प्रारणे आरपार जातात. तरीही दोन्ही खोकी जवळजवळ सारखीच तापली. तापलेली हवा वर जाऊन निसटू शकत नाही, हेच खोके तापण्याचे मोठे कारण आहे, असे वुड यांनी त्यावरून दाखवले. आपल्या पडद्याचेही तसेच. पडदा आणि काच यांच्यामधली हवा तापून वर सरकते, पडद्याच्या वरच्या फटीतून खोलीत उतरते, आणि खालून थंड हवा तिची जागा घेते. पडद्यामागे हात घालून पाहा, म्हणजे खात्री पटेल. बाहेर बांधलेले गोणपाटही तापते. कदाचित पडद्याहून जास्तच तापते. पण त्याची उष्णता बाहेरचा वारा घेऊन जातो, आणि त्याने टाकलेल्या प्रारणांना काच आत येऊ देत नाही. जी काच आत बसलेल्या पडद्याची बाजू घेत होती, तीच आता आपल्या बाजूने उभी राहते.

आता थोडे गणित. एप्रिलअखेरच्या निरभ्र दिवशी दुपारी साडेचारच्या सुमारास काष्टीतील पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे ६०० वॅट इतके ऊन सरळ पडते. खिडकी १२० सेंटिमीटर लांब व तितकीच उंच, म्हणजे १.४४ चौरस मीटर. काचेतून पंच्याऐंशी टक्के आत येते असे धरा. गुणाकार केला तर उत्तर येते सुमारे ७३० वॅट. घरातली साधी इस्त्री साधारण ७५० वॅटची असते. म्हणजे खिडकीत कोणी इस्त्री तापवत ठेवावी, तसा हा प्रकार आहे! फिकट रंगाचा पडदा आतून लावला तर काही ऊन परतवून काचेबाहेर फेकले जाते आणि ही उष्णता जवळपास निम्मी होते. पडदा अगदी निरुपयोगी असतो असे मी म्हणत नाही. मात्र काचेबाहेर चांगली झडप लावली तर दहा-वीस टक्केच उष्णता आत येते, म्हणजे शंभर-दीडशे वॅट. शांत बसलेला एक माणूस साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे खोलीत इस्त्रीऐवजी एखादा पाहुणा येऊन बसला, असे समजा.

येथे कोणी विचारील, की खिडकीला छज्जा असतो ना, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तुम्ही स्वतः एका काठीच्या साहाय्याने काढू शकता. एक सरळ काठी सपाट जमिनीवर उभी करा आणि तिची सावली मोजा. सूर्य खिडकीच्या अगदी समोर असेल तर नियम सोपा आहे: सावली काठीच्या जितकी पट, खिडकीच्या उंचीच्या तितकी पट छज्जा पुढे आला पाहिजे, तरच खिडकी पूर्ण सावलीत राहील. (समरूप त्रिकोण काढून हा नियम सिद्ध करा, नववीच्या विद्यार्थ्याला अवघड नाही.)

काष्टीचे अक्षांश साधारण साडेअठरा अंश उत्तर. एप्रिलच्या अखेरीस घड्याळात साडेचार वाजतात तेव्हा तेथे सूर्य जवळजवळ थेट पश्चिमेला आणि क्षितिजापासून सुमारे ३२ अंश वर असतो. काठीची सावली काठीच्या दीडपटीहून थोडी जास्त भरते. १२० सेंटिमीटर उंचीच्या खिडकीला छज्जा हवा १८८ सेंटिमीटरचा, म्हणजे सहा फुटांहून अधिक. साडेपाच वाजता सूर्य १८ अंशांवर उतरतो, सावली तिप्पट होते, आणि छज्जा हवा बारा फुटांचा! आपले छज्जे असतात दीड-दोन फुटांचे. (जाता जाता, साडेचार हे घड्याळातले. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची आहे आणि काष्टी त्याच्या पश्चिमेला सुमारे आठ अंश आहे. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथली ‘सूर्याची वेळ’ घड्याळाच्या अर्धा तास मागे असते. त्यामुळे भर दुपार बाराला नव्हे तर साडेबाराला होते.)

दक्षिणेच्या खिडकीचे मात्र छज्जावाचून अडत नाही, कारण तेथे तोच पुरतो. उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो. १४ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैअखेरीस तर काष्टीत मध्यान्हीला काठीची सावलीच नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला ४८ अंशांपर्यंत खाली उतरतो आणि छज्जाखालून थोडे ऊन आत येऊ देतो, पण तेव्हा ते हवेच असते. पूर्वेच्या खिडकीचे दुखणे पश्चिमेसारखेच; फक्त सकाळी हवा गार असल्यामुळे ते सहन होते. तेव्हा झडपेचा खरा मान पश्चिमेच्या खिडकीचा.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते का? मला वाटते, त्यांच्यापुढे हा प्रश्न अशा स्वरूपात कधी आलाच नाही. नगर जिल्ह्यातील जुनी धाब्याची घरे आठवा. दोन-दोन हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर लाकडावर अंथरलेल्या मातीचे सपाट छत, आणि लहानशा खिडक्या. खिडकीला लोखंडी गज आणि मागे लाकडी फळ्यांची झडप. काच नव्हतीच! त्यामुळे झडप तापली तरी तिची उष्णता अडवून धरायला पुढे काही नव्हते. ती आली तशी बाहेर जाई. लाकूड उष्णतेचे मंद वाहक असल्याने आत फारसे काही पोचत नसे. गरिबाच्या झोपडीला तुराट्यांची, बांबूची किंवा गवताची ताटी असे. मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द आपल्या सर्वांच्या कानांवर आहे, पण वस्तू डोळ्यांसमोरून नाहीशी होत चालली आहे.

झडपेचे रूप हवामानाप्रमाणे कसे बदलते, हे पाहणे मोठे मौजेचे आहे. घाटावर हवा कोरडी. एप्रिलमध्ये दुपारी पारा चाळिशीकडे झुकतो, पण पहाटे तोच विशी-बाविशीपर्यंत उतरतो. म्हणून येथली झडप भरीव फळीची: दिवसा बंद करा, बाहेरची तापलेली हवाही आत नको आणि ऊनही नको, रात्री सताड उघडा. घाट उतरून कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात जा. तेथे दिवसरात्रीच्या तापमानात फारसा फरक नाही, पण दमटपणा इतका, की वारा नसेल तर घाम वाळत नाही. तेथे खिडकी बंद ठेवून भागणार नाही. म्हणून तेथील जुन्या घरांना झिलमिली असते: तिरप्या पट्ट्यांची झडप, जिच्यातून वारा येतो पण ऊन आणि पावसाची झड येत नाही. मुंबईच्या गिरगाव, काळबादेवी भागांतील जुन्या इमारतींवर अशा झडपांच्या रांगाच्या रांगा दिसतात. गोव्यातील जुन्या घरांत आणखी एक तऱ्हा आहे. लाकडी चौकटींत काचेऐवजी एका सागरी कालवाचे पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बसवलेले असतात. त्यांतून डोळ्यांना न खुपणारा दुधाळ उजेड येतो. युरोपच्या दक्षिणेकडेही पट्ट्यांच्या झडपा घरोघरी आहेत. इटालीत त्यांना ‘पर्सियाने’ म्हणतात, म्हणजे पर्शियाकडच्या. तेव्हा ही कल्पना उन्हाच्या देशांतूनच तिकडे गेली, असे तिचे नावच सांगते.

आणि झिलमिली पाहायला मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही. काष्टीच्या फलाटावर उभे राहून येणाजाणाऱ्या गाड्यांचे साधे डबे पाहिलेत तरी पुरे. खिडकीला एक काचेची सरकती झडप असते आणि एक पत्र्याच्या पट्ट्यांची. उन्हाच्या बाजूला बसलेले प्रवासी काच वर सारून पट्ट्यांची झडप खाली ओढतात. ऊन बंद, वारा चालू!

मग काच आली. तिच्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. तिच्यामुळे थंडीवाऱ्यात खिडकी बंद करूनही उजेड मिळू लागला, धूळ थांबली. लाकूड महागले, वाळवी आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या फळ्या यांचा लोकांना कंटाळा आला. पण काच आल्यावर झडप काढून टाकायची नसते, तर काचेच्या बाहेर न्यायची असते, ही गोष्ट मात्र मधल्या मधे राहून गेली. काही विचारी वास्तुशिल्पज्ञांनी ती ध्यानात ठेवली. पाँडिचेरीच्या श्रीअरविंद आश्रमाचे ‘गोलकोंड’ हे वसतिगृह १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अँटोनिन रेमंड यांच्या आराखड्यानुसार बांधायला घेतले गेले. त्याच्या दर्शनी भिंतींच्या जागी वरपासून खालपर्यंत फिरत्या आडव्या पट्ट्याच आहेत. पाहिजे तशा वळवाव्यात. ल कॉर्बूझिए यांनी अहमदाबादेत गिरणीमालक संघाची इमारत बांधली (१९५४), तिच्या पश्चिमेच्या अंगाला काँक्रीटच्या तिरप्या उभ्या फळ्या आहेत. मुंबईत पेडर रोडजवळची कांचनजंगा ही उंच इमारत चार्ल्स कोरिया यांची. ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. समुद्राचा वारा आणि देखावा दोन्ही पश्चिमेला, आणि नेमके ऊन व पाऊसही तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांची युक्ती योजली: दोन मजली उंचीचे खोल सज्जे कोरून खोल्या आत घेतल्या, म्हणजे ऊन सज्जातच संपते.

झडपेचे महत्त्व एखाद्या संकटानंतरच कळावे, असेही घडले आहे. ऑगस्ट २००३ मध्ये युरोपात उष्णतेची भयंकर लाट आली. एकट्या फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत म्हाताऱ्या माणसांचे प्रमाण फार मोठे होते. त्यानंतर तेथील सरकार दर उन्हाळ्यात लोकांना ज्या सूचना देते, त्यांत एक सूचना ठळकपणे असते: दिवसा खिडक्या आणि त्यांच्या बाहेरच्या झडपा बंद ठेवा, रात्री उघडा. आपल्या धाब्याच्या घरातील आजीबाई सुनेला हेच तर सांगत असत! आपल्याकडे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ काढली. भिंती आणि खिडक्या मिळून घराच्या बाहेरच्या अंगातून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटहून अधिक नसावी, अशी मर्यादा तिने घातली आहे. खिडकीच्या बाहेरचा आडोसा या हिशेबात धरला जातो. आतला पडदा धरला जात नाही.

आता खर्चाचे आणि बचतीचे बोलू. वर धरलेल्या खिडकीतून एप्रिलमध्ये दुपार ते सूर्यास्त या वेळात साधारण सव्वादोन ते अडीच युनिट इतकी उष्णता आत येते. वातानुकूलन यंत्र एक युनिट वीज घेऊन सुमारे तीन युनिट उष्णता बाहेर फेकते. तेव्हा बाहेरच्या झडपेने रोज पाऊण युनिटाच्या आसपास वीज वाचेल. उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले तर एका खिडकीमागे सत्तरएक युनिट. आधीपासून आत पडदा असेल तर याच्या निम्मी. हा आकडा फार मोठा नाही, हे मान्य केले पाहिजे. शहरातील काचेच्या कचेऱ्यांना तो शेकडो खिडक्यांनी गुणावा लागतो, म्हणून तेथे तो मोठा होतो.

पण काष्टीसारख्या गावात बहुतेक घरांत पंखाच असतो, आणि पंखा हवा थंड करीत नाही. तो फक्त हलवतो. तेथे झडपेचा लाभ विजेच्या बिलात शोधू नये. तो अंगाला कळतो. आपल्याला उकडते ते केवळ हवेच्या तापमानामुळे नव्हे. तापलेला पडदा, तापलेली फरशी, तापलेली भिंत यांची प्रारणे आपल्या अंगावर पडत असतात. चुलीसमोर बसले की हवा गार असूनही चटके बसतात, तसे. शिवाय विटांच्या भिंती आणि फरशी दिवसभर उष्णता साठवून ती रात्री सावकाश परत देतात. झडपेने दुपारी अडवलेली उष्णता ही रात्रीच्या झोपेतून वजा होणारी उष्णता असते. आणि वीज गेल्यावर पंखा थांबतो, झडप थांबत नाही.

झडप करायची कशाची? गावातला सुतार किंवा वेल्डिंगवाला ती सहज करून देईल. लोखंडी चौकटीत पांढरा रंग दिलेला पत्रा बसवून वरच्या बाजूला बिजागऱ्या लावल्या, तर ती खालून उचलून काठीच्या टेकूने अर्धी उघडी ठेवता येते. ऊन अडते, खालून उजेड व वारा येतो. पत्रा तापतो म्हणून तो काचेपासून चार बोटे दूर असावा आणि वर-खाली हवेला वाट असावी. ज्यांना एवढा खर्च नको, त्यांनी बांबूची चिक छज्जाच्या कडेला बाहेरून टांगावी. तुमच्या भागात भाजीपाल्याच्या रोपवाटिकांवर हिरवी जाळी पसरलेली असते, तीही चालेल. पण निम्मे ऊन अडवणारी जाळी अर्थातच निम्मेच ऊन अडवील. दाट जाळी निवडावी. सरकत्या खिडकीची एक अडचण आहे, की ती एका वेळी निम्मीच उघडते. नवे घर बांधत असाल तर बाहेरच्या झडपेबरोबर आत पूर्ण उघडणारी काच मागा. दुसरी अडचण वाऱ्याची. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पावसाआधी जो वारा सुटतो, तो सैल बांधलेली चिक पाहता पाहता उडवून नेतो. खालच्या दोन्ही टोकांना भक्कम आकडे हवेतच.

खोलीत अंधार होईल आणि दिवा लावावा लागेल, अशी तक्रार काही जण करतात. आजचा घरगुती एलईडी दिवा साधारण नऊ वॅटचा असतो. सातशे तीस वॅट बाहेर ठेवायला नऊ वॅट खर्चावे लागले, तर सौदा वाईट नाही. शिवाय उत्तरेची खिडकी उघडी ठेवली तर बहुधा दिव्याचीही गरज पडत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. एकमजली घरात सर्वांत जास्त ऊन झेलते ते छत. स्लॅब किंवा पत्रा उघडा तापत असेल, तर खिडकीच्या झडपेने अर्धेच काम होईल. उन्हाळ्यापूर्वी गच्चीला चुन्याचा पांढरा हात देणे हा तिचा स्वस्त जोडीदार आहे. आणि झडप वेळेवर हलवली पाहिजे. सकाळी आठ-नऊला बाहेरची हवा तापू लागली की बंद. सूर्य मावळून बाहेर गार वाटू लागले की झडप आणि खिडकी दोन्ही उघडी. दिवसा बंद करून रात्री उघडायला विसरले, तर कोंडलेली उष्णता आतच राहते.

हे सगळे खरे की खोटे, याचा पडताळा शाळेत घेता येईल. बुटांची सारख्या मापाची तीन खोकी घ्या. प्रत्येकाच्या एका बाजूला सारखीच चौकोनी खिडकी कापा आणि तीवर फोटोच्या चौकटीची काच चिकटपट्टीने बसवा. काचेच्या कडा धारदार असतात, तेव्हा हे काम शिक्षकांसमोर करा. पहिले खोके तसेच ठेवा. दुसऱ्यात काचेच्या आत दोन बोटांवर रंगीत कागद लावा. तिसऱ्याला तोच कागद काचेच्या बाहेर दोन बोटांवर, काड्यांच्या आधाराने लावा. तिन्हींत प्रयोगशाळेतील तापमापी घाला. ताप मोजण्याचा तापमापी वापरू नका. तो ४२ अंशांच्या आसपास संपतो आणि फुटण्याची भीती असते. तापमापीच्या फुग्यावर सरळ ऊन पडू नये म्हणून त्याला कागदाची छोटी टोपी घाला. दुपारी चारच्या सुमारास तिन्ही खिडक्या सूर्याकडे करून खोकी सावलीत मांडलेल्या बाकाच्या कडेला, पण खिडकीवर पूर्ण ऊन येईल अशी ठेवा. दर पाच मिनिटांनी अर्धा तास तापमान लिहा आणि तीन रेघांचा एक आलेख काढा.

मग रंगीत कागदाऐवजी पांढरा कागद आणि त्यानंतर चॉकलेटाची चकचकीत चांदी लावून प्रयोग पुन्हा करा. दुसऱ्या खोक्याची रेघ प्रत्येक वेळी किती खाली येते आणि तिसऱ्याची किती, ते पाहा. चांदी लावल्यावर आत आणि बाहेर यांतला फरक पहिल्यापेक्षा कमी का होतो, याचे उत्तर वरच्या मजकुरातच दडलेले आहे.